आनुगा २०२५: कोलोनच्या बाजारात रत्नागिरीचा हापूस

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसऱ्याला सकाळी कारखान्यातल्या यंत्रांची पूजा झाली. पल्परला, डबे सील करायच्या मशीनला, बॉयलरला झेंडूचे हार घातले, कामगारांना आपट्याची पानं आणि पेढे दिले आणि दुपारच्या गाडीने मी आणि काका रत्नागिरीहून मुंबईला निघालो. फ्रँकफर्टचं विमान मध्यरात्रीनंतरचं होतं. गाडीत बसल्यापासून काकांचं एकच चाललं होतं, "अगो, रिपोर्टांची फाइल हातातल्या बॅगेतच ठेवलीस ना?" कपडे हरवले तर चालतील, पण प्रयोगशाळेचे रिपोर्ट हरवून चालणार नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं होतं.

आमचा कारखाना लहान आहे. मे महिन्यात हापूसचा पल्प काढून डबाबंद करायचा, जोडीला कोकम सरबत, आगळ, आंबापोळी आणि फणसपोळी. काकांनी तो सुरू केला तेव्हा गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं होतं, पुढे आखातात माल जायला लागला. युरोपात मात्र आमचा पल्प गेला तो व्यापाऱ्यामार्फत आणि दुसऱ्याच्या लेबलाखाली. तिथे डबा उघडणाऱ्याला हा आंबा कोणत्या मातीतला हे कधी कळलंच नाही. ते कळावं, एवढ्यासाठी यंदा जर्मनीतल्या कोलोनच्या आनुगा या खाद्यप्रदर्शनात, अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या भारतीय दालनात गाळा घेतला होता.

यंदा तर त्याची गरज जास्तच होती. कॅनिंगचा खरा जोर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात असतो आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला. मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचलासुद्धा. झाडावरचा शेवटचा आंबा भिजला, डागाळला आणि कारखान्याच्या दारात येणारे क्रेट रोडावले. माल कमी असताना तो निनावी विकायचा, हे मनाला पटत नव्हतं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच असलेल्या स्थानकातून कोलोनची वेगवान रेल्वे सुटते. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास जाणारी गाडी तासाभरात कोलोनला नेऊन सोडते. ऱ्हाईन नदीच्या एका काठावर जुनं शहर आणि तो काळाभोर जुळ्या मनोऱ्यांचा डोम, म्हणजे तिथलं भव्य चर्च, दुसऱ्या काठावर डॉइट्झ आणि प्रदर्शनाचा परिसर. दोन्ही काठांना जोडणारा होहेनझोलर्न पूल. डोमचं बांधकाम १२४८ मध्ये सुरू झालं आणि १८८० मध्ये पुरं झालं. मनोरे १५७ मीटर उंच आहेत. आम्ही तो पुलावरूनच पाहिला, कारण गाळा लावायचा होता.

३ ऑक्टोबर म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. सगळी दुकानं बंद. काकूने बांधून दिलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी त्या रात्री कामी आली. प्रदर्शनाच्या आवारात मात्र सुट्टीचा मागमूस नव्हता. फोर्कलिफ्ट धावत होत्या, सुतार ठोकाठोक करत होते, कुठे कॉफीची यंत्रं चढवली जात होती, तर कुठे शीतकपाटांत चीज मांडणं चाललं होतं.

आनुगा हे अन्न आणि पेयांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या व्यापारी प्रदर्शनांपैकी एक. पहिलं भरलं १९१९ मध्ये श्टुटगार्टला. १९५१ पासून ते कोलोनमध्ये स्थिरावलं आणि तेव्हापासून दर दोन वर्षांनी इथेच भरतं. जागा जवळपास तीन लाख चौरस मीटर आणि यंदा ११० देशांतले आठ हजारांहून जास्त प्रदर्शक. सामान्य ग्राहकाला आत प्रवेश नाही. येणारा प्रत्येक जण विकायला, विकत घ्यायला किंवा माहिती काढायला आलेला. त्यामुळे इथे चव घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर "वा!" फारसं उमटत नाही. तो चमचा तोंडात ठेवतो, क्षणभर थांबतो आणि विचारतो, "किंमत?"

नमुन्यांचे खोके एजंटाने आधीच पोचवले होते. ३.१ किलोचे डबे मागच्या फळीवर, ८५० ग्रॅमचे पुढे, कोकमाच्या बाटल्या बाजूला. काकांनी प्रत्येक डबा फडक्याने पुसला. शेवटी दालनाच्या पाटीखाली आम्ही बरोबर आणलेली पट्टी चिकटवली, 'रत्नागिरी, महाराष्ट्र'.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दहाला दारं उघडली आणि पंधरा मिनिटांत गल्ल्या भरून गेल्या.

दिवसभरात आमच्या गाळ्यावर जे लोक आले, त्यांचे प्रश्न जवळपास एकाच क्रमाने येत होते. ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं प्रमाण, किती? आम्लता किती? साखर घातली आहे का? काळे ठिपके किती येतात? अन्नसुरक्षेचं कोणतं प्रमाणपत्र? आणि मग खालच्या आवाजात, कीटकनाशकांच्या अंशाचा रिपोर्ट कधीचा? युरोपात ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. म्हणजे हा विषय डिसेंबर-जानेवारीत, झाड मोहोरावर असताना, तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी बागेत काय फवारलं तिथून सुरू होतो. कारखान्यात कितीही स्वच्छता ठेवली तरी बागेतली फवारणी पुसता येत नाही. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांचे कंटेनर क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात अडकले, तेव्हा नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी हे फार महागात शिकून घेतलं. आंब्यात आम्ही अजून त्या शिस्तीच्या अर्ध्या वाटेवर आहोत, असं मला वाटतं. आमच्या काही बागायतदारांकडे फवारणीची वही आहे. सगळ्यांकडे असायला हवी.

दुपारी एक जर्मन बाई आली. बेकरीसाठी फळांचं भरण बनवणाऱ्या कंपनीची. तिने पर्समधून ब्रिक्स मोजायचा स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. काकांनी डबा उघडून पळीने पल्प काढला. तिने काचेवर एक थेंब ठेवला, झाकण दाबलं, दिव्याकडे धरून डोळा लावला आणि काही न बोलता उपकरण काकांच्या हातात दिलं. निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेघ सतराच्या थोडी वर होती. तोतापुरीच्या पल्पला साधारण चौदा धरतात, हापूसला सोळाच्या वर अपेक्षा असते. मग तिने चव घेतली. दुसरा चमचा घेतला. "रंग काही घातला आहे?" तिने विचारलं. काकांनी इंग्रजीत, अगदी सावकाश सांगितलं, "बाई, हा रंग झाडावरचा आहे." तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि दोन डबे मागून घेतले.

भारतीय दालनात दिवसभर अमेरिकेचीच चर्चा होती. २७ ऑगस्टपासून तिथे भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लागू झालं होतं. कोळंबीवाले, मसालेवाले, तांदूळवाले, सगळ्यांचे डोळे युरोपकडे वळले होते. आंध्रचा एक कोळंबी निर्यातदार आमच्या शेजारच्या गाळ्यावर चहा घेता घेता म्हणाला, "आधी इथे ओळख ठेवायला यायचो, यंदा पोट भरायला आलोय." त्याच्या आवाजातली काळजी ऐकून काका बराच वेळ गप्प होते.

रविवार, ५ ऑक्टोबर

सकाळीच एक डच व्यापारी आला. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा, पल्पच्या धंद्यात मुरलेला. कृष्णगिरी आणि चित्तूरच्या मोठ्या कारखान्यांतून तो तोतापुरीचा पल्प ड्रमांतून घेतो, एका ड्रममध्ये २१५ किलो. तो रसाच्या आणि दह्याच्या कंपन्यांना जातो. हापूस त्याला हवा होता हॉटेलं आणि आईस्क्रीमवाल्यांसाठी, ३.१ किलोच्या डब्यांत. आमचा माल त्याला आवडला. रॉटरडॅम बंदरात माल पोचवून द्यायचा भाव विचारला, तोही त्याला फार जड वाटला नाही. मग म्हणाला, "लेबल माझं. 'अल्फान्सो मँगो पल्प, प्रॉडक्ट ऑफ इंडिया'. बस्स."

मी विचारलं, "रत्नागिरी का नको?"

"माझ्या गिऱ्हाइकाला ते गाव माहीत नाही."

"माहीत करून द्यायला आम्ही आलोय," मी म्हटलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. "विचार करा, मी मंगळवारी येतो," म्हणाला आणि निघून गेला.

काका लगेच म्हणाले, "अगो, ऑर्डर आहे. गोदामात डबे ठेवून त्यांवर नाव वाचत बसायचं आहे काय?" त्यांचं चुकत नव्हतं. बँकेचा हप्ता नावावर चुकता होत नाही. पण मला ते बोलणं लागलं, आणि दुपारी काकांना गाळ्यावर बसवून मी इटलीच्या दालनात गेले, कारण नावाचा धंदा कसा करतात हे तिथेच पाहायला मिळणार होतं.

इटलीची गर्दी सगळ्यांत दाट. एका चीजवाल्यासमोर लोकांनी कडं केलं होतं. टेबलावर पार्मिजानो रेज्जानोचं अखंड चाक. असं एक चाक चाळीसेक किलोंचं असतं आणि त्यासाठी साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं. त्या माणसाने सालीवर एक रेघ आखली. मग बदामाच्या आकाराची, आखूड मुठीची पाती एकेक करून त्या रेघेत रोवली. एक इकडे, एक तिकडे, थोडी पिळायची, पुन्हा काढायची. कापायचं नाही, उकलायचं, म्हणजे आतली कणी मोडत नाही. अखेर एक हलका आवाज झाला आणि चाक दुभंगलं. आतला गर खव्यासारखा दाणेदार, फिकट पिवळा, त्यात पांढरे बारीक कण. वास पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

मी पाहत होते ती त्याची साल. चाकाच्या कडेने सबंध गोलाकार ठिपक्यांतलं नाव उठवलेलं असतं, दूध जमवलं त्याच दिवशी साच्यातून उठवलेलं. सोबत दुग्धशाळेचा क्रमांक, महिना, वर्ष. किमान बारा महिने मुरल्यावर उत्पादकांच्या संघाचा तपासनीस येतो, छोट्या हातोडीने चाक ठोकून आवाज ऐकतो, आत पोकळी किंवा चीर आहे का ते ताडतो. पास झालं तर तापलेल्या ठशाने मोहोर लागते. नापास झालं तर सालीवरचं नाव खरवडून काढतात. चीज खायला चांगलंच असतं, पण त्याला ते नाव लावता येत नाही. हा संघ १९३४ पासून काम करतो आहे. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या-मांतुआचा काही भाग, एवढ्या मुलखाबाहेर हे चीज बनवून त्याला हे नाव देता येत नाही. 'पार्मेझान' हे आता कोणत्याही किसायच्या चीजचं सर्वसाधारण नाव झालं आहे, असं जर्मनीने युरोपीय न्यायालयात मांडलं होतं. २००८ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं नाही.

परत येताना माझ्या डोक्यात वाशीचं मार्केट होतं. एप्रिलमध्ये तिथे कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत बसतो आणि हापूस म्हणून विकला जातो. दिसायला तसाच, भाव जवळपास तोच. ज्याने कातळावर सुरुंग लावून खड्डे केले, माती वाहून आणली, कलमं जगवली, तो बागायतदार हे दरवर्षी पाहतो. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. मानांकन मिळाल्याचा आनंद आम्ही साजरा केला, पण सालीवर नाव उठवणारा आणि नापास झालं तर ते खरवडून काढणारा माणूस आमच्याकडे कुठे आहे? देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने यंदाच्या हंगामात प्रत्येक फळावर क्रमांकाचा स्टिकर लावायला सुरुवात केली, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. काम किचकट आहे, बनावट स्टिकरवाले त्यातूनही वाट शोधतील, तरी सुरुवात अशीच होते.

रात्री जेवताना हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या चाकाचा भाव काय सांगितलान?" मी सांगितला. ते पुढे काही बोलले नाहीत, पण मोबाइल काढून त्यांनी काहीतरी हिशेब केला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

यंदाचा भागीदार देश कोरिया होता. त्यांच्या दालनात आंबवलेल्या कोबीची किमची, गोचुजांग ही मिरचीची चटणी, समुद्रशैवालाचे कुरकुरीत तुकडे, तांदळाच्या लडी तिखट रश्शात शिजवून दिल्या जात होत्या आणि रांग हटत नव्हती. तरुण मुलामुलींची एवढी गर्दी दुसऱ्या कुठल्याही दालनात दिसली नाही. त्यांनी चवीच्या मागे कागद कसा उभा केला, ते मला महत्त्वाचं वाटलं. किमचीचं आंतरराष्ट्रीय मानक २००१ मध्ये कोडेक्स या अन्नाची जागतिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मंजूर केलं, म्हणजे किमची कशाला म्हणायचं, त्यात आंबवण्याची क्रिया असलीच पाहिजे, हे जगाच्या अन्नव्यापाराच्या दप्तरात नोंदलं गेलं. जपानमध्ये न आंबवता बनणारा प्रकार त्याच नावाने विकला जात होता, त्या वादातून हे घडलं. आता कोणीही किमची बनवू शकतो, पण किमची म्हणजे काय हे कोरियाने ठरवलेलं आहे.

आपल्याकडे या बाबतीत अगदीच अंधार आहे असं नाही. दार्जिलिंग चहाला युरोपीय संघाचं संरक्षण २०११ मध्ये मिळालं, कांगडा चहाला २०२३ मध्ये. भारतातलं मानांकन युरोपात आपोआप लागू होत नाही, तिथे वेगळी नोंदणी लागते किंवा दोन्ही बाजूंचा करार लागतो. भारत आणि युरोपीय संघ यांच्यात मुक्त व्यापाराबरोबरच भौगोलिक मानांकनांवरही वेगळी बोलणी २०२२ पासून चालू होती, आणि आम्ही कोलोनमध्ये होतो त्याच आठवड्यात ब्रुसेल्सला व्यापार कराराची एक फेरी सुरू होती. आमच्या दालनातला प्रत्येक जण त्याच्या बातम्या मोबाइलवर शोधत होता. मी एका अधिकाऱ्याला विचारलं, यादीत हापूस असावा यासाठी बागायतदारांनी काय करायचं? त्यांनी सरळ सांगितलं, "अधिकृत वापरकर्ते वाढवा. नोंद असलेले लोक थोडे असतील तर मागणीला वजन कसं येणार?" आमची स्वतःची नोंद आहे. पण आम्हाला आंबा घालणाऱ्या बागायतदारांपैकी अनेकांची नाही. फॉर्म, सातबारा, फी, फेऱ्या, या सगळ्याला लोक कंटाळतात. आता ते काम कारखान्याने अंगावर घ्यायचं, हे मी तिथल्या तिथे वहीत लिहिलं.

त्या रात्री कोजागरी होती. इथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने दालनातल्या आम्हा चार-पाच जणांना घरी बोलावलं. ताई पुण्याच्या, त्यांचे यजमान सांगलीचे. मसाला दुधात केशर, वेलची, जायफळ, चारोळी सगळं होतं, सोबत भेळही होती. ढगांतून चंद्र अधूनमधूनच दिसत होता, तरी पातेलं बाल्कनीत नेऊन ठेवलंच. सांगलीकरांनी बेदाण्याची गोष्ट काढली. तासगावचा बेदाणा इथल्या दुकानात 'भारत' एवढ्याच नावावर दिसतो, याची त्यांना माझ्याइतकीच खंत. काकांनी बरोबर नेलेली आंबापोळी ताईंच्या मुलीने खाल्ली आणि विचारलं, "आजोबा, हे तुम्ही बनवता?" काका म्हणाले, "मी आणि ही. आणि ऊन." परत जाताना ट्राममध्ये त्यांनी मला विचारलं, "तो डच परवा येणार म्हणालेला की उद्या?"

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सकाळी कोकमाची पाळी आली. बर्लिनचा एक पेय बनवणारा तरुण सरबताचे तीन पेले प्यायला. रंग, आंबटपणा, मागून येणारी किंचित तुरट चव, सगळं त्याला हवं तसं होतं. मग त्याने नियमाचा प्रश्न काढला. १५ मे १९९७ पूर्वी युरोपीय संघात माणसांनी लक्षणीय प्रमाणात न खाल्लेला पदार्थ हा 'नवीन अन्न' ठरतो आणि त्याला परवानगी लागते. संघाबाहेरच्या पारंपरिक पदार्थासाठी त्यातल्या त्यात सोपा मार्ग आहे, पण तिथेही त्या देशात किमान पंचवीस वर्षं लोक तो नेहमीच्या आहारात सुरक्षितपणे खात आले आहेत, याचा पुरावा द्यावा लागतो.

पंचवीस वर्षं! कोकणात सोलकढीशिवाय माशाचं जेवण पुरं होत नाही, पित्त उठलं की आगळ लावतात, घराघरात बरण्यांमध्ये आमसुलं भरलेली असतात. पण यातलं त्या तरुणाच्या वकिलापुढे ठेवता येईल असं किती आहे? माझ्या फाइलमध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाच्या २०१६ च्या मानांकनाचे कागद होते. त्यात लागवड, प्रक्रिया, वापर यांची नोंद आहे. मी त्याला प्रत दिली. त्याने पानं उलटून पाहिली आणि म्हणाला, "हे उपयोगाचं आहे. असं आणखी द्या." कृषी विद्यापीठाची प्रकाशनं, जुने पाककृतींचे संग्रह, बाजार समित्यांची आवक, एवढं गोळा करायचं कबूल केलं. मानांकनाचा असा उपयोग होईल, हे माझ्या आधी ध्यानात आलेलं नव्हतं.

पर्यायी प्रथिनांच्या विभागातून घाईत एक फेरी मारली. कोवळ्या फणसाचे तुकडे मिठाच्या पाण्यात, डब्यांत, मांसाला पर्याय म्हणून. माल श्रीलंका आणि थायलंडचा. आमच्याकडे कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी पाच-सहा वेळा होते आणि पुढे फणस झाडाखाली पडून कुजतात. यावर काकांशी रात्रभर बोलता येईल.

डच व्यापारी चारच्या सुमारास आला. या वेळी त्याच्याशी काकाच बोलले. त्यांनी एक डबा आमचा आणि एक डबा बाजारातल्या मिश्र पल्पचा, दोन्ही उघडून वाट्यांत काढून ठेवले होते. त्याला डोळे मिटून वास घ्यायला लावला. मग म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक जास्त पैसे देणार ते या वाटीचे. उद्या दुसऱ्याने ती दुसरी वाटी हापूस म्हणून स्वस्तात विकली, तर तुम्ही त्याला काय सांगणार? डब्यावर रत्नागिरी असेल तर सांगायला काहीतरी असेल." हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. व्यापाऱ्याने वाटी पुन्हा नाकाशी नेली. लेबल त्याचंच राहील, पण दुसऱ्या ओळीत रत्नागिरी आणि मागच्या बाजूला मानांकनाची माहिती, यावर तो "पाहू, मसुदा पाठवतो" इथपर्यंत आला. पहिला लॉट लहान.

संध्याकाळी जुन्या शहरात गेलो. तिथल्या पबमध्ये कोल्श ही बिअर ०.२ लिटरच्या उंच, निमुळत्या पेल्यात देतात. निळा एप्रन घातलेला वाढपी पेला रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर रेघ मारतो. नको असेल तर पुठ्ठा पेल्यावर ठेवायचा. काकांनी दोन रेघांवर पुठ्ठा ठेवला, मी सफरचंदाच्या रसात सोडा घेतला. या बिअरबाबत शहरातल्या बिअरवाल्यांनी १९८६ मध्ये आपसात करार केला आणि १९९७ पासून युरोपीय संघाचंही संरक्षण आहे. कोलोन आणि त्याच्या लगतच्या परिसराबाहेर बनलेल्या बिअरला ते नाव नाही.

आणि याच गावात, थोड्या अंतरावर, फारिनाचं अत्तराचं जुनं घर आहे. १७०९ पासूनचं. योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने इथे बनवलेल्या सुगंधी पाण्याला त्याने या शहराचं नाव दिलं. मग ते कोणीही बनवू लागलं, कुठेही बनवू लागलं. आमच्या आजीच्या लहानपणी घरात कुणाला ताप चढला की कपाळावर ओडिकोलनच्या पट्ट्या ठेवत. तिला ते पाणी ठाऊक होतं, ऱ्हाईनकाठचं शहर ठाऊक नव्हतं. एकाच शहराची दोन नावं, एक जगभर सांडून गेलं आणि एक त्यांनी धरून ठेवलं. काकांना दुकानाच्या काचेसमोर उभं राहून हे सांगत होते तेव्हा ते म्हणाले, "हापूस अजून सांडतोय. पुरता सांडला नाही."

बुधवार, ८ ऑक्टोबर

शेवटच्या दिवशी दुपारपासून गर्दी ओसरते आणि प्रदर्शकच एकमेकांच्या गाळ्यांवर जाऊन उरलेल्या मालाची देवघेव करतात. एका तुर्की अंजीरवाल्याने आम्हाला अंजिरं दिली, आम्ही त्याला फणसपोळी. बेकरीवाली जर्मन बाई पुन्हा आली. तिच्या प्रयोगशाळेत रंग आणि वास भाजल्यावरही टिकला होता. तिला वीस डब्यांचा चाचणी नमुना हवा आहे, सोबत बागेपासून कारखान्यापर्यंतची लॉटवार नोंद. "कोणत्या गावांतला आंबा आहे ते लिहून पाठवाल?" तिने स्वतःहून विचारलं. मी तिथेच कागदावर सात गावांची नावं लिहून दिली आणि तिला ती वाचायला शिकवली. राजापूर तिला जमलं. 'गावखडी' जमायला तीनदा म्हणावं लागलं.

उरलेले डबे ताईंच्या ओळखीने तिथल्या मराठी घरांत गेले. फ्रँकफर्टच्या गाडीत काका फाइल मांडीवर घेऊन बसले होते.

घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन कामं सुरू केली आहेत. आम्हाला आंबा घालणाऱ्या बागायतदारांचे मानांकनाचे फॉर्म कारखान्यातच भरून घेतो आहोत, त्यासाठी शनिवारची सकाळ ठरवली आहे. सातबारा आणि आधारची प्रत आणायची, बाकी कागद आम्ही पाहतो. आणि फवारणीच्या वह्या छापायला टाकल्या आहेत, मोहोर येण्याआधी प्रत्येक बागेत पोचायला हव्यात. डच व्यापाऱ्याचा लेबलाचा मसुदा काल आला. रत्नागिरी दुसऱ्या ओळीत आहे, अक्षर फार बारीक आहे. काकांनी ते दुप्पट मोठं करून मागितलं आहे.